हमिंगबर्ड फीडरमधलं साखरपाणी दोन दिवसांत गढूळ होतंय? काय तपासायचं ते असं

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. प्रमाण बरोबर, पाणी उकळलेलं, साखर पांढरी; तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फीडरमधलं, म्हणजे पक्ष्यांसाठी अंगणात टांगलेल्या भांड्यातलं, साखरपाणी पांढुरकं होतं, त्यात तंतू तरंगायला लागतात, आणि पक्षी चोच बुडवून लगेच उडून जातो. मग लोक कृतीच्या मागे लागतात. पाणी जास्त वेळ उकळतात, साखर वाढवतात, डिस्टिल्ड पाण्याचे कॅन आणतात. दोष सहसा कृतीत नसतो. तो फीडरच्या खाचांत असतो, आणि गरजेच्या कितीतरी पट भरून ठेवलेल्या बाटलीत.

हे सगळं अमेरिका आणि कॅनडातल्या अंगणांसाठी आहे, कारण हमिंगबर्ड दोन्ही अमेरिका खंडांच्या बाहेर सापडत नाहीत. न्यू जर्सी, जॉर्जिया, मिशिगन अशा पूर्वेकडच्या भागांत उन्हाळ्यात येतो तो जवळजवळ नेहमी रूबी-थ्रोटेड जातीचा. कॅलिफोर्नियापासून सिॲटलपर्यंतच्या किनाऱ्याला बारा महिने राहतो तो ॲनाज जातीचा. पुण्यात किंवा फोंड्यात जास्वंदीला लोंबकळणारा चिमुकला पक्षी शिंजीर असतो. त्याच्यासाठी ऑनलाइन मिळणारा फीडर मागवण्यापेक्षा आणखी एक जास्वंद लावलेली बरी. तिथे फीडरवर पहिल्यांदा मुंग्याच येतात.

गढूळपणा नेमका कधी आला?

उत्तर इथेच अर्धं मिळतं.

पातेल्यातच, थंड होताना पाणी पांढुरकं झालं, तर सूक्ष्मजीवांचा संबंध नाही; इतक्या लवकर ते वाढत नाहीत. एक शक्यता पिठीसाखरेची. अमेरिकेत मिळणाऱ्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा मक्याचं पीठ घातलेलं असतं, आणि ते पाण्यात विरघळत नाही. दुसरी शक्यता जड पाण्याची. टेक्सास, ॲरिझोना अशा भागांत नळाचं पाणी जड असतं; ते बराच वेळ उकळलं की चुन्याचे पांढरे कण सुटतात आणि तळाशी बसतात. हे कण पक्ष्याला अपाय करत नाहीत, पण बारीक भोकं बुजवतात. पाणी कमी उकळा आणि वरचं निवळलेलं तेवढं वापरा. घरात मीठ वापरणारा वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारं यंत्र, असेल तर त्याच्या अलीकडच्या, म्हणजे सॉफ्टनरमधून न गेलेल्या नळाचं पाणी घ्या.

पातेल्यात स्वच्छ होतं आणि फीडरमध्ये चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी गढूळ झालं, तर ते यीस्ट आणि जिवाणूंचं काम. बारीक बुडबुडे, आंबूस किंवा बिअरसारखा वास, बाटलीच्या आतून बोटाला लागणारा बुळबुळीत थर, या खुणा त्याच्याच. काळे ठिपके म्हणजे बुरशी. काळे पण पायवाले ठिपके म्हणजे मुंग्या, त्यांच्याबद्दल पुढे.

खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. साखरपाणी ताजं करा आणि त्याचे तीन भाग करा. एक भाग नेहमीसारखा फीडरमध्ये. दुसरा उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बरणीत, सैल झाकण लावून, फीडरजवळच सावलीत. तिसरा फ्रिजमध्ये. रोज एकाच वेळी तिन्ही उजेडासमोर धरून पाहा. फीडरमधलं सगळ्यात आधी बिघडणार हे ठरलेलंच आहे, कारण पक्षी आणि मधमाश्या त्यातच तोंड घालतात; त्यामुळे थोड्या फरकावरून काही ठरवू नका. पण बरणी चौथ्या दिवशीही स्वच्छ आणि फीडर मात्र दुसऱ्याच दिवशी पांढुरका, असं झालं तर फीडरच्या आत जुना थर आहे. दोन्ही साधारण एकदमच बिघडले तर उष्णता हे कारण. फ्रिजमधला भागसुद्धा आठवड्याच्या आत बिघडला तर ज्या बाटलीत साठवता ती नीट धुतलेली नव्हती.

असं का होतं

साखरेचं पातळ पाणी हे यीस्टचं खाणं आहे, त्यामुळे ते बिघडणारच. आपल्या हातात फक्त वेग असतो. यीस्ट साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं, काही जिवाणू आम्ल तयार करतात. हे जीव हवेतल्या धुळीतून येतात, कीटकांच्या पायांवरून येतात, आणि पक्ष्याच्या जिभेवरूनही येतात. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं की फीडरमधली सूक्ष्मजीवांची वस्ती फुलांच्या मकरंदातल्या वस्तीपेक्षा वेगळी असते आणि पक्ष्यांच्या ये-जा करण्याने ती बदलते. म्हणजे पाणी कितीही उकळा, पहिला पक्षी पिऊन गेला की उकळण्याचा फायदा संपत येतो.

मुरंबा महिनोन्महिने टिकतो तो त्यातल्या दाट पाकामुळे. इतक्या साखरेत जिवाणूंना पाणीच मिळत नाही. फीडरमधल्या पाण्यात साखर वजनाने जेमतेम १७ टक्के असते. ती २० किंवा २५ टक्के केली तरी यीस्टला काही फरक पडत नाही. म्हणून ‘जास्त टिकावं’ म्हणून साखर वाढवण्यात अर्थ नाही.

खरा फरक पडतो तो मागच्या खेपेच्या उरलेल्या थराने. खाली उरलेल्या दोन घोटांवर नवं साखरपाणी ओतणं म्हणजे दुधाला विरजण लावणं. बाटली वरून चकाचक दिसते, पण वॉशरच्या खोबणीत, नकली फुलाच्या मागे, तळाच्या कडेला बुळबुळीत थर तसाच राहतो. तिथून सुरुवात झाली की ताजं पाणीही एका दिवसात गढूळ.

धुणं: इथे घाई नको

फीडर पूर्ण सुटा करा. बाटली, खालची बशी, वॉशर, आणि निघत असतील तर नकली फुलं आणि मधमाश्यांसाठीच्या जाळ्या, सगळं वेगळं. ज्या फीडरचे भाग सुटे होत नाहीत तो कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. असा फीडर दिसायला कितीही सुरेख असला तरी घेऊ नये. नळीच्या तोंडाचे, फुंकून बनवलेल्या काचेचे शोभेचे फीडर यातच मोडतात.

प्रत्येक वेळी भरण्याआधी: उरलेलं सगळं सिंकमध्ये ओता, झाडाच्या बुंध्याशी नको, मुंग्या लागतात. नळाच्या कडकडीत गरम पाण्याने सगळे भाग धुवा. बाटलीला बाटलीचा ब्रश, भोकांना स्ट्रॉ धुवायचा बारीक ब्रश. बाटलीचं तोंड अरुंद असेल तर मूठभर कोरडे तांदूळ आणि थोडं गरम पाणी घालून जोरात हलवा. खरखरीत दाण्यांनी भिंतीवरचा थर निघतो. नंतर एकही दाणा आत राहू देऊ नका.

भांडी घासायचा साबण वापरला तर चालतो, पण खोबणीतून तो निघायला वेळ लागतो, म्हणून भरपूर पाण्याने धुवा. डिशवॉशरमध्ये फक्त काचेची बाटली. प्लास्टिकची बशी वाकडी झाली की पुढे गळती सुरू होते, आणि मग लोक वॉशरला दोष देतात.

पांढरे डाग, चुन्याचा थर किंवा हलका बुळबुळीतपणा असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात तासभर भिजवून ब्रशने घासा.

काळी बुरशी दिसली, किंवा गढूळपणा पुन्हापुन्हा येतोय, तर ब्लीच लागतं. एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर, गार पाण्यात पाव कप, म्हणजे ६० मिली, साधं वास नसलेलं ब्लीच. ‘स्प्लॅशलेस’ लिहिलेलं ब्लीच घेऊ नका, ते जंतू मारण्यासाठी बनवलेलं नसतं. सगळे भाग पूर्ण बुडतील असे तासभर ठेवा. भोकांत हवेचे बुडबुडे अडकले तर तिथे ब्लीच पोचत नाही, म्हणून बशी पाण्याखाली तिरकी करून हवा काढून टाका. मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि उपडे ठेवून खडखडीत वाळू द्या. उन्हाळ्यात हे दर एक-दोन आठवड्यांनी करावं.

ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरिन वायू सुटतो. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाण्याने धुऊन.

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर वॉशर बदला. जुन्या रबराला बारीक चिरा पडतात आणि त्यांत ब्रशही जात नाही, ब्लीचही नीट जात नाही.

प्रमाण आणि त्याहून महत्त्वाचं, किती

एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. कप अमेरिकी असो की घरातली वाटी, माप एकच ठेवलं की झालं. भारतीय दुकानातली साखर जाड दाण्याची असते, कपात थोडी कमी बसते. वजनाने घ्यायची तर २४० मिली पाण्याला ५० ग्रॅम. उसाची साखर आणि बीटची साखर यांत इथे काही फरक नाही.

पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, साखर घाला, विरघळेपर्यंत ढवळा, झाकून पूर्ण गार होऊ द्या. साखर घालून उकळत ठेवलं तर पाणी आटतं आणि प्रमाण बिघडतं. इथे एकतारी पाक करायचा नाही. एक-दोन दिवसांत संपणार असेल तर न उकळता, नळाच्या पाण्यात ढवळून केलेलंही चालतं. गरम साखरपाणी फीडरमध्ये ओतू नका.

आता किती करायचं ते. रूबी-थ्रोटेड जेमतेम तीन ग्रॅमचा पक्षी आहे. दिवसाला त्याला लागतात चहाचे दोन-तीन चमचे, तेही सगळे तुमच्याच फीडरमधून नाही. तो फुलांवर जातो, कोळी आणि बारीक कीटक खातो. म्हणजे अंगणात दोन पक्षी असतील तर दोन दिवसांत फार तर ४० ते ६० मिली संपतं. दुकानातली लोकप्रिय बाटली २० औंसांची, जवळजवळ ६०० मिलीची. ती काठोकाठ भरली की नव्वद टक्के साखरपाणी फक्त आंबण्यासाठी लटकत राहतं, आणि इतकी साखर टाकवत नाही म्हणून लोक ते बदलतही नाहीत. पाव कप साखर आणि एक कप पाण्याचं २७० मिलीच्या आसपास होतं. फीडरमध्ये दोन दिवसांपुरतंच भरा, बाकीचं घट्ट झाकणाच्या स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. पक्षी वाढले तर एक मोठा फीडर लावण्यापेक्षा एकमेकांपासून दिसणार नाहीत असे दोन छोटे लावा; नर एकच फीडर अडवून बसतो आणि बाकीच्यांना हुसकावतो.

बदलायचं कधी, हे तापमान ठरवतं. ९० अंश फॅरनहाइटच्या वर रोज. ८० च्या घरात दर दोन दिवसांनी. ७० च्या घरात तीन-चार दिवस चालतं, त्याहून थंड हवेत आठवड्यातून एकदा. पांढुरकेपणा दिसला की तारीख न बघता ओतून द्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ॲनाज पक्षी १ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं साखरपाणी नेहमीसारखं पीत होते, २ टक्के झालं की पिणं निम्म्यावर येत होतं. तेव्हा ‘पक्षी पितात म्हणजे चांगलंच असणार’ हा भरवसा कामाचा नाही.

काय घालू नये

गूळ पौष्टिक म्हणून आपल्याकडे सर्रास सुचवला जातो. इथे नको. त्यातलं लोह आपल्याला उपयोगी आहे. हमिंगबर्डला मकरंदातून लोह नगण्य मिळतं आणि जास्तीचं बाहेर टाकायला त्याचं शरीर सोयीचं नाही. ब्राऊन शुगर, खांडसरी, फिकट तपकिरी दिसणारी ऑरगॅनिक साखर यांना हेच लागू, कारण त्यांत मळी उरलेली असते. मध पाण्यात मिसळला की झपाट्याने आंबतो आणि बुरशी धरतो. स्टीव्हिया किंवा सुक्रालोजमध्ये उष्मांक नाहीत, म्हणजे पक्षी पोट भरून उपाशी राहतो. लाल रंगाची गरज नाही, फीडरचा लाल भाग पुरतो.

टिकण्यासाठी लिंबू, मीठ किंवा व्हिनेगर घालण्याचे सल्ले फिरतात. एकही घालू नका. तांब्याचा तुकडा टाकणं किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवणं तर अजिबात नाही. ताक, चिंच तांब्यात का ठेवत नाहीत ते घरोघरी माहीत आहे. साखरपाणी आंबट झालं की तांबं त्यात उतरतं.

गळती, मुंग्या, गांधीलमाश्या

गळणारा फीडर हा गढूळपणापेक्षा वेगळा प्रश्न समजू नका. बाहेर ओघळलेलं साखरपाणी मुंग्यांना वाट दाखवतं आणि मुंग्या आत पडून कुजतात.

उलट्या बाटलीचा फीडर वरच्या हवेच्या कमी दाबावर टिकून असतो. दुपारच्या उन्हात ती हवा तापते, फुगते आणि साखरपाणी खाली ढकलते. बाटली जितकी रिकामी तितकी हवा जास्त, तितकी गळती जास्त. इथे एक अडचण आहे: कमी भरा म्हणावं तर बाटली गळते, पूर्ण भरा म्हणावं तर आंबते. म्हणून मोठ्या उलट्या बाटलीचा नाद सोडून बशीचा फीडर घ्यावा हे आमचं ठाम मत. त्यात साखरपाणी भोकांच्या खाली असतं, कमी भरलं तरी गळत नाही, आणि पूर्ण उघडून धुता येतं. बाटलीचाच ठेवायचा असेल तर आठ औंसांचा घ्या, पूर्ण भरा आणि सकाळचं ऊन, दुपारची सावली अशा जागी टांगा. गळती वॉशरमुळे आहे की उन्हामुळे, हे पाहायला फीडर साध्या पाण्याने भरून तासभर सिंकवर टांगा. घरातही थेंब पडले तर वॉशर किंवा वाकलेली बशी.

मुंग्यांसाठी हुक आणि फीडर यांच्यामध्ये पाण्याची छोटी वाटी अडकवायची, अँट मोट म्हणून ती तयार मिळते. उन्हाळ्यात ती एका दिवसात सुकते, रोज बघा. दोरीला तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, पिसांना लागलं तर पक्ष्याला साफ करता येत नाही. कीटकनाशक तर नाहीच.

मधमाश्या आणि गांधीलमाश्या पिवळ्या रंगाकडे जातात, म्हणून पिवळी फुलं असलेला फीडर टाळा. बशीतली पातळी थोडी कमी ठेवली की त्यांची जीभ पोचत नाही, पक्ष्याची पोचते. तरी हटल्या नाहीत तर फीडर काही फूट हलवा आणि काही दिवस एक भाग साखरेला पाच भाग पाणी घ्या. त्यांना दाट आवडतं. पक्षी पातळही पितो.

थंडी, आणि भारतात जाताना

ॲनाजच्या भागात हिवाळ्यात वेगळी अडचण येते. एकास चार प्रमाणाचं साखरपाणी शून्य अंश सेल्सिअसच्या किंचित खाली गोठायला लागतं. रात्री फीडर आत घ्या आणि उजाडण्याआधी बाहेर लावा; रात्रभर उपाशी असलेल्या पक्ष्याला पहिल्या उजेडातच खाणं लागतं. दोन फीडर आलटून पालटून वापरले तर सोपं पडतं.

पूर्वेकडे फीडर ठेवला म्हणून पक्षी दक्षिणेला जायचा थांबत नाही, ते दिवसाच्या लांबीवर ठरतं. शेवटचा पक्षी दिसल्यावर दोन आठवडे लावून ठेवा, मागाहून जाणाऱ्यांना उपयोग होतो.

महिनाभर भारतात जाणार असाल तर फीडर भरून ठेवू नका. उतरवा, धुवा, वाळवा. उन्हाळ्यात पक्ष्याला फुलं आणि शेजारचे फीडर असतात. कडाक्याच्या थंडीत ॲनाज तुमच्याकडे रोज येत असेल तर मात्र शेजाऱ्यांना चावी, साखरेचा डबा आणि प्रमाण लिहिलेली चिठ्ठी देऊन जा. मोसम संपल्यावर फीडर ठेवताना झाकण घट्ट लावू नका. वॉशर काढून, कोरडा पुसून, बाटलीसोबत सुटा ठेवा.